तेहेतीस नंबरची सोंगटी

टाकी पुन्हा रिकामी होती.

उलीसेस फिएरोने लोखंडी झाकण उचललं, आत वाकून पाहिलं आणि तसाच उकिडवा बसून राहिला. तळाशी वीतभर पाणी, त्यात एक मेलेला चतुर. डिसेंबरपासून ही चौथी वेळ. फेब्रुवारी, म्हणजे इथला ऐन उन्हाळा, चालू होता, डोंगरावरची पाइनची झाडं वाळून खडखडीत झाली होती, एक ठिणगी पडायचा अवकाश की सगळं पेटलं असतं. आणि आगीचा बंब जिथून पाणी भरून घेतो ती लॉस माकीस गावची एकुलती एक टाकी अशी आ वासून पडलेली.

त्याने खिशातून फोन काढला. टाकीच्या झडपा, घराघरांतले मीटर, बागांचे नळ, सगळे तीन वर्षांपासून हवेतून एकमेकांशी बोलत होते, आणि कोण कधी काय बोललं त्याची नोंद फोनवर दिसायची. नोंद अशी: काल दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. तळाची झडप उघडली. किल्ली, उलीसेस फिएरो.

"अरे देवा, परत मीच!" तो टाकीला म्हणाला.

काल तीन वाजून बारा मिनिटांनी तो पंपघरात उताणा पडून गळका नट आवळत होता. एकटाच. त्याला पाहणारी एक मांजर होती, पण मांजरीची साक्ष पाणी समितीत चालत नाही. आणि किल्ली म्हणजे काही लोखंडाची नव्हे, की हरवली, कुणी उचलली म्हणावं. किल्ली म्हणजे आकड्यांची एक लांबलचक माळ. ती झडपेला ठाऊक आणि उलीसेसच्या फोनला ठाऊक. तिसऱ्या कुणाला ती कळायचं कारणच नाही, असं यंत्रं बसवणारा कारागीर छाती ठोकून सांगून गेला होता.

एकोणीस वर्षं उलीसेस गावाचा पाणीवाला होता. चारशे बारा नळ. पूर्वी दिवसातून दोनदा टेकडी चढून हाताने चाक फिरवायचा, गुडघ्यापर्यंत चिखल आणि तोंडात शिव्या. फोनवरून झडप उघडायला लागली तेव्हा त्याला आपली चैन झाली असं वाटलं होतं. डोंबलाची चैन! तेव्हा निदान कुणी त्याला चोर म्हणत नव्हतं.

तो खाली उतरला तो थेट समितीच्या अध्यक्षीणबाईंच्या दारात. एर्मिंदा सानुएसा व्हरांड्यात टेकडीकडे तोंड करून बसली होती. दोन दिवस समुद्रावरून धुकं चढत होतं आणि धुकं चढलं की तिचा उजवा गुडघा ठणकायचा. पाय स्टुलावर, मांडीवर बागेच्या नळाचं बटण, समोर तिची ती हायड्रेंजाची झुडपं. निळी, डोक्याएवढ्या फुलांची. गावात दुष्काळ पडला तरी त्या झुडपांचं पान कोमेजलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"चौथ्यांदा?" त्याचा चेहरा पाहूनच ती म्हणाली.

"चौथ्यांदा."

"आणि किल्ली कुणाची?"

"माझी. पण मी उघडली नाही, एर्मिंदा."

"मग तुझ्या फोनला पाय फुटले का? आपणच गेला टेकडीवर?"

"मला काय माहीत! मी पंपघरात होतो."

"कुणी पाहिलं?"

उलीसेसला मांजर आठवली.

दोघं एकाच वर्गात शिकले होते, एका बाकावर. एर्मिंदाची जीभ तेव्हाही अशीच होती, मास्तरसुद्धा बिचकायचे. पण आज तिचा आवाज चढला नाही.

"लोक बोलतात की वरच्या लागवडवाल्यांच्या टँकरला तू पाणी देतोस," ती म्हणाली.

"लोक म्हणजे कोण?"

"मी."

"एर्मिंदा!"

"रविवारी सभा आहे, अकराला. तुला ठेवायचं की काढायचं ते मतांवर ठरेल. आणि हो, ती पिशवी आणून दे. त्याच दिवशी चारला शाळेच्या छपरासाठी लोता आहे. सोंगट्या गास्तोन काढेल."

नोकरीचं तो ऐकून घेत होता. पण पिशवी म्हटल्यावर त्याचे कानच लाल झाले.

तीस वर्षं गावात लोता, म्हणजे आकड्यांच्या सोडतीचा खेळ, झाला की पिशवी उलीसेसच्या हातात. कातडी पिशवी, आत लाकडाच्या नव्वद सोंगट्या, समोर बाकांवर सगळं गाव आपापल्या पुठ्ठ्यांवर राजम्याचे दाणे ठेवायला टपलेलं. उलीसेस पिशवी खळखळवायचा, हात घालायचा, आणि आकडा नुसता सांगायचा नाही, त्याला नाव द्यायचा. बावीस म्हणजे बदकाची पिल्लं, अकरा म्हणजे पाद्रीबाबांचे पाय, तेहेतीस म्हणजे ख्रिस्ताचं वय, नव्वद म्हणजे आजोबा. बाया हसून हसून दाणे सांडायच्या. गास्तोन बेकरीवाला आकडे वाचतो ते मयताची बातमी दिल्यासारखे.

"पिशवी कशाला?" उलीसेसने विचारलं.

"ज्या हातावर भरवसा नाही त्या हातात पिशवी कशाला?" एर्मिंदा म्हणाली, आणि तिने मान वळवली.

तो निघाला. मागे न बघता त्याने फाटक ओढून घेतलं. कारण त्या एका वाक्यात थोडं खरं होतं, आणि ते तिला माहीत असणं शक्य नव्हतं.

घरी आल्यावर त्याने एक चिठ्ठी शोधून काढली. नोव्हेंबरात कॉन्सेप्सियोन शहराच्या एका प्रयोगशाळेतून एक बाई आली होती, यास्ना पायालेफ नावाची. चाळिशीची, उंच, पायांत बूट असे की पाहताच कळावं, हिला चिखल माहीत आहे. गावांच्या पाण्याच्या यंत्रांना चांगल्या किल्ल्या मिळाव्यात म्हणून काही प्रयोग चाललाय, तुम्ही यात या, असं ती समितीला समजावत होती. समितीने शांतपणे ऐकून घेतलं, आणि कुणाला काडीचंही कळलं नाही. मग ती रात्री लोत्याला बसली, एक जिवंत कोंबडी जिंकली, ती काखेत धरून बसमध्ये चढली. जाताना उलीसेसच्या हातात नंबर देऊन म्हणाली होती, "डोन उलीसेस, काही विचित्र झालं तर मला सांगा."

त्याने फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"टाकीची झडप हाताने बंद करा," ती म्हणाली. "तिच्यावरचा तो हवेतून बोलणारा डबा काढून घ्या. समितीच्या संगणकात सगळ्या नळांची यादी आहे ना, तीही आणा. आणि कोंबडी मजेत आहे, अंडी देते."

दुसऱ्या दिवशी पिठाच्या पोत्यात डबा गुंडाळून, तो मांडीवर घेऊन उलीसेस तीन तास बसमध्ये बसला. पिशवी त्याने सकाळीच एर्मिंदाच्या फाटकाला अडकवली होती. दार वाजवलं नव्हतं.

यास्नाने त्याला चहा दिला, घरचा पाव आणि रानबोरांचा मुरंबा पुढे केला, आणि तो खात असताना यादी पडद्यावर चढवली.

"गावात भूकंप झाला तेव्हा काय काय झालं?"

"कोणत्या भूकंपात?"

"गेल्या ऑगस्टच्या."

"हां, तो! तो किरकोळ. आमचं एक कपाट पडलं आणि सासूबाईंची बशी फुटली. वीज गेली ती तीन दिवस."

"आणि आली कशी? वाडीवाडीने?"

"छे. सगळी एका क्षणात आली. आम्ही टाळ्या वाजवल्या."

"तिथेच घोळ झाला," यास्ना म्हणाली, आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "हे डबे आहेत गरीब डोक्याचे. तीन दिवस वीज नाही म्हटल्यावर सगळं विसरले. जागे झाले की पहिलं काम, नवी किल्ली बनवायची. त्यासाठी असे आकडे हवेत की कुणाला अंदाज करता येणार नाही. आता या बापड्याने आणायचे कुठून? तो आपलं घड्याळ पाहतो आणि त्यावरून आकडे जुळवतो. तुमचे चारशे डबे एकाच क्षणी जागे झाले, सगळ्यांची घड्याळं शून्यावर. बरेचसे क्षणाच्या बारीकशा तुकड्याने पुढंमागं झाले, वाचले. काही मात्र जुळे निघाले. हे बघा. तुमच्या टाकीच्या झडपेची किल्ली, आणि एकशे त्रेचाळीस नंबरच्या बागेच्या नळाची किल्ली. पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत एकच. त्या नळाचं बटण दाबलं की टाकीला वाटतं आपल्यालाच हाक मारली. ती उघडते, आणि आपल्या वहीत किल्लीच्या मालकाचं नाव लिहिते. तुमचं."

"एकशे त्रेचाळीस," उलीसेस म्हणाला. त्याला यादी पाहायची गरज नव्हती. "एर्मिंदाच्या हायड्रेंजा."

"पण मग रोज का नाही रिकामी होत?" यास्नाने विचारलं.

"रोज ती हाताने नळ सोडते, झुडपांशी गप्पा मारत. बटण दाबते गुडघा धरला की. व्हरांड्यात बसून. टेकडीकडे तोंड करून!" त्याने खिशातली वही ओढून काढली. पाण्याच्या पातळीशेजारी हवामान लिहायची त्याची जुनी सवय. टाकी रिकामी झालेले चार दिवस त्याने बोटाने शोधले. "धुकं. धुकं. धुकं. आणि परवा, धुकं!"

तो हसायला लागला. इतका की डोळ्यांतून पाणी आलं आणि मुरंबा शर्टावर सांडला. मग एकदम थांबला.

"हे मी गावात सांगणार? लोक म्हणतील, अंगाशी आलं तसं अध्यक्षीणबाईंवर ढकललं."

"सांगू नका. दाखवू. रविवारी मी येते आणि नव्या किल्ल्याही आणते."

"नव्या किल्ल्या मी काढून देतो की!" उलीसेसला हुरूप आला. "कुणाला अंदाज येणार नाही असे आकडे पाहिजेत ना? आपल्याकडे लोता आहे. सगळ्या गावासमोर काढू, म्हणजे कुणाला संशय नको. मी मोठ्याने सांगतो, तुम्ही भरत जा."

यास्नाने कप खाली ठेवला. तिला हसू आवरेना. "डोन उलीसेस, गावची किल्ली तुम्ही अख्ख्या दरीला ओरडून सांगणार?"

त्याने जीभ चावली.

"हसते म्हणून रागावू नका. तुमचं निम्मं बरोबर आहे," ती म्हणाली. "सोडत सगळ्यांसमोर व्हावी म्हणजे लबाडी होत नाही. पण किल्ली गुपितही राहायला हवी. दोन्ही एका वेळी, हेच अवघड. आणि पिशवीत अजून एक खोट आहे. सोंगटीवर आकडा आधीच कोरलेला असतो. आपल्याला तो दिसत नाही एवढंच. म्हणजे कुणाला ना कुणाला, कसा ना कसा, कळू शकतो."

उलीसेसने हातातला पाव बशीत ठेवला.

"मला कळायचा," तो म्हणाला.

आणि अकरा वर्षं बायकोलाही न सांगितलेली गोष्ट त्याने त्या परक्या बाईला सांगून टाकली. तेहेतीस नंबरच्या सोंगटीची कड तुटली होती. एवढीशी, नखाएवढी. त्याच्या बोटाला ती अंधारातही ओळखू यायची. त्या वर्षी एर्मिंदाचा नवरा होडीसकट गेला, मे महिन्यात. जुलैत, ऐन हिवाळ्यात, लोता झाला तेव्हा मोठं बक्षीस होतं बिडाची चूल, लाकडावरची, घर उबदार ठेवणारी. एर्मिंदा पुढच्या बाकावर दोन पोरींना शालीत गुंडाळून बसली होती. तिच्या पुठ्ठ्यावर एकच घर मोकळं राहिलं होतं, आणि ते तेहेतीस. उलीसेसने हात घातला, आणि हाताने शोधलं.

"एकदाच," तो म्हणाला. "आईशप्पथ, एकदाच. आणि आता तीच मला चोर म्हणते. आणि मला उलटून बोलता येत नाही, कारण हात खरंच पिशवीत फिरला होता."

यास्नाने उपदेश केला नाही, पाठही थोपटली नाही. उठली आणि म्हणाली, "चला, तुम्हाला आमची पिशवी दाखवते."

तळघरात एक पांढरं पिंप छताला टांगलेलं होतं. त्याचं आवरण त्या दिवशी दुरुस्तीसाठी उतरवलेलं, म्हणून आतलं दिसत होतं: सोनेरी चकत्यांचे मजले, एकाखाली एक, मधून केसासारख्या बारीक तारा, आणि सगळ्यात खाली नखाएवढी एक काळी चकती. "हा क्वांटम संगणक," यास्ना म्हणाली. "चालू असतो तेव्हा आत इतकी थंडी असते की दक्षिण ध्रुवावर गेलात तर उकडेल." उलीसेसने नकळत टोपी काढून हातात घेतली. हे तो फक्त चर्चमध्ये आणि सासूसमोर करायचा.

"इथे सोंगटी बाहेर येईपर्यंत तिच्यावर आकडाच नसतो," ती म्हणाली.

"म्हणजे दिसत नसतो."

"नसतो. मला माहीत नसतो, यंत्राला माहीत नसतो. देवाचं तुम्ही पाद्रीबाबांना विचारा."

"असं कसं होईल? आणि झालं तरी तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? आमच्या गावात तर नाहीच."

"शब्दावर ठेवूच नका. समजा दोन साक्षीदार आहेत. वेगवेगळ्या खोल्यांत बसवले, आणि ऐनवेळी सुचतील ते प्रश्न टाकले. आधी ठरवून आलेल्यांची उत्तरं फार जुळवली तरी एका हद्दीपर्यंतच जुळतात. ती हद्द मोजता येते. या चकतीच्या दोन टोकांना आम्ही असेच लाखो प्रश्न विचारतो. यांची उत्तरं त्या हद्दीपलीकडे जुळतात. म्हणजे उत्तर आधी ठरलेलं नव्हतं. हे गणित मी दाराबाहेर लावते, कुणीही येऊन तपासावं. आकडे मात्र कुणाला दिसत नाहीत. ते सरळ एका सीलबंद डबीत जातात, डबी प्रत्येक नळाला एकदा वाढते आणि स्वतः पुसून टाकते."

"म्हणजे सोडत चारचौघांत आणि आकडा गुपचूप."

"बरोब्बर. हे सांगायला मला एकदा दोन तास लागले होते, मोठमोठ्या साहेबांना." ती हसली. "आणि एक गंमत. याच जातीची यंत्रं मोठी झाली की उद्या जुनी कुलपं फोडणार आहेत. म्हणून आजच यांच्याकडून नवी घडवून घेतेय."

उलीसेस त्या काळ्या चकतीकडे बघत होता. त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की इथे त्याची बोटं काही करू शकली नसती. कितीही दया आली असती तरी. आणि नवल म्हणजे त्याला बरं वाटलं.

"बाई," तो म्हणाला, "माणसाच्या डोक्यातून आलं हे?"

"बऱ्याच माणसांच्या. बारा वर्षं आम्हीही यातलं थोडं करतोय."

"धन्य आहे तुमची," तो म्हणाला, आणि टोपी परत घालायला विसरला.

रविवारी अकराला फुटबॉलच्या मैदानाशेजारच्या शेडमध्ये गाव जमलं. सूर्य चढला होता, रेताडावर वारा होता, आणि उलीसेस शेवटच्या बाकावर बायकोजवळ बसला होता. पुढे बसायचं त्याला धैर्य झालं नाही. एर्मिंदाने सभा सुरू केली. चार तारखा वाचल्या, चारही नोंदी वाचल्या, चारही वेळा त्याचं नाव वाचलं. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"मत घेण्याआधी पाच मिनिटं द्या," यास्ना उठून म्हणाली. "डोन्या एर्मिंदा, तुमच्या बागेचं बटण आणलंय का?"

"ते कायम जवळच असतं. का?"

"टेकडीवर कुणाला तरी पाठवू. ज्याच्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास आहे असा माणूस सांगा."

सगळ्यांनी एका आवाजात गास्तोनचं नाव घेतलं. तो तीळभरही वाढवून सांगत नाही, कमीही सांगत नाही. उलीसेसने टाकीवर डबा परत बसवून ठेवलाच होता. गास्तोन कुरकुरत वर गेला, आणि त्याचा आवाज यास्नाच्या फोनमधून सगळ्या शेडमध्ये घुमला: "पोचलो. टाकी आहे. पुढे काय?"

"डोन्या एर्मिंदा, बाहेर या, टेकडीकडे तोंड करा. आणि दाबा."

एर्मिंदाने नाक मुरडत बटण दाबलं.

क्षणभर काही नाही. मग गास्तोन म्हणाला, "झडप उघडली. पाणी दरीत चाललंय."

"बंद करा."

"थांबलं."

"परत."

"चाललंय."

उलीसेसने फोन उघडून शेजारच्या बाकावर दिला. बाकाबाकावरून तो फिरत पुढे गेला. नोंद होती: आत्ता, अकरा वाजून सव्वीस मिनिटं. किल्ली, उलीसेस फिएरो. आणि उलीसेस फिएरो तर इथे, सगळ्यांच्या देखत, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेला.

एर्मिंदाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तिने बटण बंद केलं आणि ते जणू भाजतंय तसं बाकावर ठेवलं.

यास्नाने मोजक्या शब्दांत भूकंप आणि जुळ्या किल्ल्या समजावल्या, सीलबंद डबी दाखवली, गणिताचा कागद शेडच्या खांबाला चिकटवला. म्हातारा नोलबेर्तो काठी आपटत उठला. "म्हणजे आता किल्ल्या तुमच्या हातात! उद्या तुम्हीच आमची टाकी उघडाल, मग?"

यास्ना तोंड उघडणार तोच मागून उलीसेस उभा राहिला.

"त्यांना माहीत नाही, नोलबेर्तोतात्या. मी पाहून आलोय. आपल्या पिशवीत सोंगटीवर आकडा आधी असतो. यांच्याकडे बाहेर येईपर्यंत नसतोच. जे नाही ते चोरणार कसं? आणि आल्यावर तो डबीत जातो, कुणाला न दिसता. पटत नसेल तर खांबावर गणित आहे, तपासा."

"तुला कळतं ते गणित?"

"नाही. पण एवढं कळतं की ज्याला लपवायचं असतं तो खांबाला चिकटवत नाही."

नोलबेर्तो पुटपुटत खाली बसला. डबी लावली. गावातले नळ एकेक करत आपापला वाटा घेऊन गप्प झाले. अर्ध्या तासाने यास्नाने एर्मिंदाला पुन्हा बाहेर नेलं. तिने बटण दाबलं. दोन घरं पलीकडे तिच्या बागेत फवारा फुसफुसला, इथवर ऐकू आला.

"गास्तोन?"

"काही नाही," फोन म्हणाला. "टाकी शांत आहे. मी खाली येऊ का? भट्टीत पाव आहेत."

सगळी शेड एकदम हसली, तसं कुणी हसलं नव्हतं कित्येक आठवड्यांत. उलीसेसच्या बायकोने त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि रडायला लागली.

मत घ्यायची वेळच आली नाही. एर्मिंदा समोर उभी राहिली, टेबलाला धरून. "टाकी मी रिकामी केली," ती म्हणाली. "चार वेळा. हायड्रेंजांसाठी. आणि चोर मी उलीसेसला म्हटलं, गावभर. माझं चुकलं." मग तिला पुढे बोलवेना, म्हणून तिने सभा संपली असं जाहीर केलं.

चारला लोता होता. उलीसेस तासभर आधीच आला, बाकं लावायला. एर्मिंदा तिथे होती. पिशवी तिच्या मांडीवर.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. दोघं एका बाकावर, शाळेतल्यासारखी.

"त्या जुलैत मी पुढच्या बाकावर होते, आठवतं?" ती टेकडीकडे बघत म्हणाली. "तुझा हात पिशवीत एरवी डोळ्याची पापणी लवेपर्यंत असतो. त्या दिवशी राहिला. बराच वेळ. मी पाहिलं."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? पोरींचे ओठ निळे पडले होते. चूल घेतली. अजून तिच्यावरच पाव भाजते." तिने अंगावरची शाल उगाच सारखी केली. "पण मनात राहिलं, याच्या हाताला कळतं. म्हणून टाकी रिकामी झाली तेव्हा मला वाटलं, ज्याने एकदा दयेपोटी हात फिरवला तो पुन्हा कशापोटी तरी फिरवेल. हे कुणाला सांगताही येईना. सांगितलं तर चूल परत करावी लागली असती."

"एर्मिंदा, मी..."

"गप. मला थँक्यू म्हणायचंय, अकरा वर्षं उशीर झालाय, मधे बोलू नकोस." तिने डोळे पुसले, ते मनगटाने, रागाने. मग पिशवी त्याच्या हातात कोंबली. "घे. गास्तोनच्या मेव्हण्याकडून सगळ्या नव्वद सोंगट्या नव्याने कातून घेतल्यात, काल दिवसभर बसून. तेव्हा मला वाटत होतं तुला अद्दल घडवतेय. आता वाटतं, तुझं ओझं उतरवलं."

उलीसेसने पिशवीत हात घातला. बोटं सवयीने तेहेतीस शोधायला गेली. एकेक सोंगटी फिरवून पाहिली. सगळ्या गुळगुळीत, सगळ्या सारख्या. तेहेतीस त्यात कुठेतरी होती, पण कुठे ते त्याच्या हाताला कळेना. त्याने हात बाहेर काढला आणि शर्टाला पुसला.

चारला बाकं भरली. राजम्याचे दाणे वाटले गेले. यास्ना पुढच्या बाकावर बसली होती, या वेळी तिला टर्की जिंकायची होती. एर्मिंदा तिच्या शेजारी, गुडघ्यावर शाल. उलीसेस पिशवी घेऊन पुढे आला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या लगेच थांबेनात. त्याने पिशवी खळखळवली, डोळे मिटले, आणि हात घालताक्षणी जी बोटाला लागली ती सोंगटी उचलली.

तीस वर्षांत पहिल्यांदाच, सोंगटीवर काय आहे ते बघायची त्यालाही गावाइतकीच घाई झाली होती.